आठवणीचे पेले



संग्रह हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर नाणी येतात, टपालतिकिटे येतात, फार तर ताम्रपट आणि जुनी शस्त्रे येतात. एखाद्या प्रवाशाने परगावच्या बाजारात सहज विकत घेतलेला काचेचा पेला हा संग्रहाचा, आणि त्याहीपुढे जाऊन अभ्यासाचा विषय होऊ शकतो असे म्हटले, तर काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. ते स्वाभाविकही आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात युरोपात असे असंख्य पेले तयार झाले. त्यांवर गावांची, पुलांची, देवळांची आणि झऱ्यांची चित्रे कोरली किंवा रंगविली गेली. त्या चित्रांतील कित्येक गावे आज त्या रूपात उरलेली नाहीत. काही तर त्या नावानेही उरलेली नाहीत. पेला मात्र कोणाच्या तरी फडताळात शाबूत आहे. असा पेला वाचावा कसा आणि सांभाळावा कसा, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आपल्याकडे काशीयात्रेहून परतणारा माणूस तोंड झाळून बंद केलेला गंगाजलाचा गडू घेऊन येतो. त्यात महत्त्व तीर्थाला असते. गडू केवळ आधार. युरोपातील ज्या प्रथेतून हे पेले जन्माला आले, तिच्यात प्रकार नेमका उलट होता. तेथे पाणी जागच्या जागी प्यायचे आणि रिकामा पेला घरी न्यायचा. ही प्रथा बहरली ती बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात. तो प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत होता. कार्ल्सबाद, मारीनबाद, फ्रान्झेन्सबाद, टेप्लिट्झ ही तेथील खनिज झऱ्यांची प्रसिद्ध गावे. अशा गावी हवापालटासाठी आणि उपचारासाठी जाण्याची चाल आपल्या ओळखीची आहे. जमशेटजी टाटा यांचा मृत्यू १९०४ साली जर्मनीतील नाउहाइम या अशाच झऱ्यांच्या गावी झाला, आणि कमला नेहरूंना १९३५ साली उपचारासाठी नेले होते ते बाडनवायलरही याच जातीचे गाव.

कार्ल्सबादला टेपला नदीच्या अरुंद खोऱ्यात अनेक उष्ण झरे आहेत. त्यांतील मुख्य झरा जमिनीतून कारंज्यासारखा उसळतो आणि त्याचे पाणी सुमारे ७३ अंश सेल्सियस इतके कढत असते. पूर्वी या पाण्यात तासन्‌तास बसून राहण्यावर भर असे. अठराव्या शतकात डेव्हिड बेखर नावाच्या तेथील वैद्याने पाणी बेताने, झऱ्यापाशीच आणि चालता चालता प्यावे असा आग्रह धरला. या एका वैद्यकीय सल्ल्यातून दोन गोष्टी निघाल्या. पाणी पीत फिरणाऱ्या लोकांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून झऱ्यांभोवती लांबलचक स्तंभमंडप उभे राहिले. आणि प्रत्येक पाहुण्याला स्वतःचा पेला लागू लागला. तीन-चार आठवडे रोज सकाळी जो पेला हातात धरला, तो निरोपाच्या दिवशी टाकवत नाही. काचवाल्यांनी हे ओळखले. पेल्यावर गावाचे चित्र आणि ‘आन्डेन्केन’, म्हणजे आठवण, हा जर्मन शब्द आला आणि औषधाच्या भांड्याचे स्मृतिचिन्ह झाले.

या व्यापाराला योग्य अशी काच त्याच प्रदेशात मिळत होती, हा मोठा योग. बोहेमियाच्या डोंगराळ भागात घनदाट जंगले होती. भट्टीला लाकूड तेथलेच, आणि लाकडाच्या राखेतून मिळणारा पोटॅश हा क्षारही तेथलाच. गारगोटीची पूड, पोटॅश आणि चुना यांच्यापासून झालेली ती काच कठीण आणि स्वच्छ असे, आणि चाकावर धरून कोरण्यास फार अनुकूल. इंग्लंडात उंची काचेत शिशाचा अंश घालीत. ती काच वजनाला जड, मऊ आणि टिचकी मारली असता दीर्घ नाद करणारी. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. बोहेमियाच्या म्हणून सांगितलेल्या पेल्याचे वजन हाताला अकारण जास्त लागले, तर निदान एकदा शंका घ्यावी.

आता रंगाकडे वळू. आपण ज्यांना बोहेमियाचे लाल पेले म्हणतो, ते सारे सर्वांगाने लाल काचेचे नसतात. त्यांत दोन पद्धती आहेत. पहिलीत बिनरंगी काचेच्या गोळ्यावर, तो तापलेला असतानाच, रंगीत काचेचे पातळ आवरण चढवितात आणि मग दोन्ही मिळून फुंकतात. दुसरीत तयार झालेल्या बिनरंगी पेल्यावर धातूच्या क्षाराचा लेप देऊन तो पुन्हा मंद भट्टीत भाजतात. चांदीच्या लेपाने पिवळा रंग येतो आणि तांब्याच्या लेपाने लाल. ही दुसरी पद्धत बोहेमियात रूढ करणारा पुरुष म्हणजे फ्रीड्रिश एगरमान (१७७७ ते १८६४). पिवळा रंग त्याने १८२० च्या सुमारास साधला आणि लाल रंग १८३२ साली. या लाल रंगामुळे माणकासारखा दिसणारा पेला मध्यमवर्गीय प्रवाशाच्या आवाक्यात आला. काही वर्षांतच ही कृती आसपासच्या कारागिरांनी उचलली आणि लाल पेल्यांचा महापूर लोटला.

या दोन पद्धती ओळखाव्यात कशा? कोरलेल्या रेषेची कड भिंगाखाली पाहावी. आवरणाची काच असेल तर कडेला रंगाची जाडी दिसते; दोन थर स्पष्ट वेगळे कळतात. लेपाची असेल तर जाडी जवळजवळ दिसतच नाही. रंग काचेच्या कातडीत मुरल्यासारखा असतो आणि चाकाचा स्पर्श होताच खालची पांढरी काच उघडी पडते. आठवणीच्या पेल्यांत लेपाचे पेले फार आढळतात, आणि त्याचे कारण उघड आहे. पातळ रंग कोरायला वेळ कमी लागतो, आणि लाल भूमीवर पांढरे चित्र दुरूनही उठून दिसते.

कोरणाऱ्याचे काम मात्र सोपे नव्हे. तांब्याच्या लहानमोठ्या चकत्या एका फिरत्या दांड्यावर बसविलेल्या असतात. चकतीवर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड घालतात. प्रत्यक्षात काच कापते ती ही पूड. चकती केवळ तिला वाहून नेते. लाकूड किंवा दगड कोरताना हत्यार हलते. येथे हत्यार जागच्या जागी फिरते आणि कारागीर पेला हलवितो. तोही चकतीच्या खालून धरलेला, त्यामुळे जेथे काम चालू आहे तो बिंदू चकतीआड झाकलेला असतो. खिडक्यांच्या ओळी, पुलाच्या कमानी, झाडांची पालवी हे सर्व हाताच्या सवयीने आणि अंदाजाने उतरते. असे काही कारागीर हंगामात थेट झऱ्यांच्या गावी दुकान मांडीत. डोमिनिक बीमान (१८०० ते १८५७) हा त्यांतला अग्रगण्य. तो हिवाळ्यात प्रागला आणि उन्हाळ्यात फ्रान्झेन्सबादला काम करी. त्याची ख्याती गावांच्या देखाव्यांपेक्षा माणसांच्या चेहऱ्यांबद्दल अधिक आहे.

कोरीव पेल्यांच्या जोडीला रंगविलेल्या पेल्यांची एक उंची परंपरा होती. ड्रेस्डेन येथील झामुएल मोन (१७६२ ते १८१५) याने काचेवर पारदर्शक मिन्याच्या रंगांनी शहरांचे देखावे काढण्यास आरंभ केला. पूर्वीचे मिन्याचे रंग अपारदर्शक, जाड लेपासारखे असत. मोनच्या रंगांतून उजेड आरपार येई, आणि पेला उजेडासमोर धरला की चित्रातील आकाश खरोखरच्या आकाशासारखे भासे. त्याचा मुलगा गोटलोब १८११ साली व्हिएन्नास गेला. तेथे आन्टोन कोटगासर (१७६९ ते १८५१) या चिनीमातीच्या कारखान्यातील चित्रकाराने ही कला पराकाष्ठेस नेली. बुडाशी जाड, दातेरी कापलेला आणि वर घंटेसारखा उमलणारा त्याचा पेला संग्राहकांत सुप्रसिद्ध आहे. व्हिएन्नाचे सेंट स्टीफनचे मंदिर त्याने अशा पेल्यांवर रंगविले. हे पेले तेव्हाही श्रीमंतांचे होते आणि आज ते बहुतांशी संग्रहालयांत आहेत. सामान्य संग्राहकाचा संबंध येतो तो लाल-पिवळ्या कोरीव पेल्यांशीच.

असा पेला हाती आला म्हणजे त्याला चार प्रश्न विचारावेत. तो कशाचा आहे, कसा घडविला आहे, त्यावर काय लिहिले आहे, आणि त्यावर काय दाखविले आहे. पहिल्या दोहोंचा विचार झाला. तिसरा प्रश्न अक्षरांचा. बहुधा गावाचे नाव असते, कधी प्रत्येक देखाव्याखाली त्या वास्तूचे नाव असते. जर्मन वर्णलेखनही काळानुसार बदलले. कार्ल्सबादचे आद्याक्षर जुन्या लेखनात ‘सी’ असे, पुढे ‘के’ आले. एवढ्यावरून तारीख ठरत नाही, परंतु इतर पुराव्याला बळ मिळते.

चौथा प्रश्न सर्वांत फलदायी आहे. वास्तूंना जन्मतारीख असते आणि कित्येकींना मृत्यूची तारीखही असते. कार्ल्सबादच्या देखाव्यात दोन मनोऱ्यांचे मेरी मॅग्डालीनचे चर्च दिसले म्हणून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून उभे आहे. पण गिरणीच्या झऱ्यावरील दगडी स्तंभमंडप चित्रात पुरा झालेला दिसला, तर पेला १८८१ च्या अलीकडचा खास, कारण योसेफ झीटेक याच्या त्या वास्तूचे काम १८७१ ते १८८१ या काळात झाले. मुख्य झऱ्यावरील ओतीव लोखंडाचा मंडप दिसला तर तो १८७९ नंतरचा, कारण फेलनर आणि हेल्मर या वास्तुकारांचा तो मंडप त्या साली उभा राहिला. तो १९३९ साली पाडला गेला. आज त्या जागी आहे ती १९७५ सालची नवी इमारत. तेव्हा त्या लोखंडी मंडपाच्या छायाचित्रांइतकेच पेल्यांवरील त्याचे चित्रही मोलाचे आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कोरणारा कारागीर झऱ्यासमोर बसून चित्र काढीत नसे. त्याच्यापुढे छापील देखाव्यांची पाने असत आणि त्यांवरून तो नक्कल करी. जुने पान पुढे वीस वर्षेही वापरले जाई. म्हणून चित्रावरून पेला ‘याच्या अलीकडचा’ असे म्हणता येते. ‘याच्या पलीकडचा’ असे म्हणणे धोक्याचे असते. एखादी इमारत चित्रात नाही, एवढ्यावरून ती तेव्हा बांधली गेली नव्हती असा निष्कर्ष काढू नये.

हा छंद बोहेमियापुरता मर्यादित नव्हता. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड येथे वेअर नदीवर लोखंडी कमानीचा पूल १७९६ साली खुला झाला. त्याचा एकच गाळा २३६ फुटांचा होता आणि त्याखालून शिडाची गलबते जात. त्या गावी काचेचा धंदा जुना. त्यामुळे जाड बैठकीच्या मोठ्या पेल्यांवर हा पूल आणि खालून जाणारे गलबत कोरण्याची चाल पडली. मूळ पुलाची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुनर्बांधणी झाली आणि १९२९ साली त्या जागी नवाच पूल आला. अमेरिकेत साच्यात दाबून केलेल्या स्वस्त पेल्यांवर लाल लेप देत आणि त्यावर गिऱ्हाइकासमोर त्याचे नाव, गाव व साल कोरून देत. १८९३ साली शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी असे पेले फार खपले. त्यांत कलेचा अंश थोडा. पण त्यांवर बहुधा नाव आणि साल असते, आणि त्या दृष्टीने ते बोलके आहेत.

आता मी अशा मुद्द्याकडे येतो की ज्यामुळे हा विषय केवळ हौसेचा राहत नाही. मोनने ज्या ड्रेस्डेनचे देखावे रंगविले, त्या शहराच्या कोणत्याही जुन्या चित्रात फ्राउएनकिर्खे या चर्चचा प्रचंड दगडी घुमट ठळक दिसतो. १९४५ च्या फेब्रुवारीत बाँबवर्षावात शहर जळाले आणि १५ तारखेस तो घुमट कोसळला. चर्च पुन्हा उभे राहून २००५ साली उघडले, परंतु मधली साठ वर्षे तो घुमट फक्त चित्रांत होता. कोटगासरने रंगविलेल्या सेंट स्टीफनच्या मंदिराचे छप्परही १९४५ च्या एप्रिलात आगीत भस्म झाले.

कार्ल्सबादची कथा निराळी आहे. तेथील इमारती पुष्कळशा टिकल्या, माणसे बदलली. १९३८ च्या ऑक्टोबरात हिटलरच्या राज्याने तो मुलूख घशात घातला. पुढच्याच महिन्यात गावातील यहुद्यांचे प्रार्थनामंदिर जाळण्यात आले. जे यहुदी आधीच पळाले नव्हते त्यांतील कित्येकांना छळछावण्या पाहाव्या लागल्या, आणि त्यांची घरे सामानासकट दुसऱ्यांच्या हाती गेली. युद्ध संपताच चक्र उलटे फिरले. १९४५-४६ मध्ये सुमारे ३० लाख जर्मन भाषिकांना चेकोस्लोव्हाकिया सोडावा लागला. घालवून देताना माणशी तीस ते पन्नास किलो सामान नेण्याची मुभा होती. गावांची जर्मन नावे व्यवहारातून गेली. कार्ल्सबादचे कार्लोवी वारी, मारीनबादचे मारियान्स्के लाझ्न्ये, आणि एगरमान जेथे काम करी त्या हायडा गावाचे नोवी बोर झाले. आपल्याकडे १९४७ साली लाहोर किंवा कराची सोडून आलेल्या कुटुंबांना विचारावे. तीस किलोच्या गाठोड्यात काय बांधावे याचा विचार करणाऱ्या गृहिणीने काचेचा पेला उचलला असेल, तर तो किमतीसाठी उचललेला नव्हे.

म्हणून जुन्या बाजारात असा पेला दिसला की त्यामागे तीन शक्यता असतात. कोणा प्रवाशाने तो हौसेने घेतला आणि त्याच्या नातवंडांनी विकला, ही पहिली. परागंदा झालेल्या कुटुंबाने तो जपून आणला, ही दुसरी. ज्यांची घरे लुटली गेली त्यांच्या कपाटातून तो निघाला, ही तिसरी. डोळ्यांना तिन्ही पेले सारखेच दिसतात. फरक कळतो तो केवळ त्याच्याबरोबर आलेल्या माहितीवरून. नाझी राजवटीत हिरावून घेतलेल्या कलावस्तूंचा शोध घेऊन त्या मूळ वारसांबाबत न्याय्य तोडगा काढावा, अशी तत्त्वे १९९८ साली वॉशिंग्टन येथे ४४ राष्ट्रांनी मान्य केली. ती मुख्यतः मोठ्या कलाकृतींना उद्देशून असली, तरी त्यांतील नीती लहान पेल्यालाही लागू पडते. विकणाऱ्याला ‘हा आपल्याकडे कसा आला?’ असे विचारण्यात संकोच कसला? उत्तर मिळाले तर ते लिहून ठेवावे. मिळाले नाही, तर ‘मिळाले नाही’ असे लिहावे. प्रत्येक पेल्यामागे एक चिठ्ठी असावी: कोठे घेतला, केव्हा, कोणत्या किमतीस, आणि विकणाऱ्याने काय सांगितले. ही चिठ्ठी हरवली की पेल्याचे अर्धे मोल गेले असे समजावे.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून टाकतो. लाल कोरीव पेल्यांची परंपरा विसाव्या शतकातही चालू राहिली, आणि हरणे, किल्ले, झाडे कोरलेले नवे पेले जुने म्हणून पुढे केले जातात. बूड पाहावे. वर्षानुवर्षे टेबलावर टेकलेल्या पेल्याच्या बुडावर, जेथे तो टेकतो तेवढ्याच भागात, बारीक आणि वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे असतात. मुद्दाम घासून जुना केलेला पेला एकाच दिशेच्या समांतर रेषा दाखवितो. काठावरून बोट फिरवावे. काठाचा टवका उडाल्यावर तो घासून सपाट केलेला असेल, तर उंची प्रमाणाबाहेर कमी वाटते आणि काठाची सोन्याची रेघ नाहीशी झालेली असते. दुरुस्ती हा गुन्हा नव्हे. ती लपविणे हा आहे. पेला कोमट पाण्यात, एका वेळी एकच, हाताने धुवावा. सोन्याच्या नक्षीवर राख किंवा कडक भुकटी लावू नये. आत पाणी साचू देऊ नये, नाहीतर काचेला कायमची पांढुरकी झाक येते.

कोणी म्हणेल, की बोहेमियाच्या पेल्यांशी आमचा संबंध काय? संबंध अगदीच नाही असे नाही. त्याच प्रदेशातील याब्लोनेट्स येथील काचेच्या बांगड्या एके काळी हिंदुस्थानच्या बाजारात येत आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांत चढत. परदेशी काचेवरील हेच परावलंबन संपावे म्हणून स्वदेशीच्या लाटेत, अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केलेल्या पैसा फंडातून, १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. त्या कारखान्यातील एखादी वस्तू आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असेलही. पण ती तेथलीच, हे सांगणारी चिठ्ठी तिच्याबरोबर आहे काय? पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू एकेक करून जमविल्या आणि त्यांतून केवढे संग्रहालय उभे राहिले ते आपण पाहतोच. राजेरजवाड्यांच्या वस्तू सांभाळणारे पुष्कळ असतात. सामान्य घरातील वस्तू सांभाळायची तर ती सामान्य घरानेच सांभाळली पाहिजे.

माझी सूचना अल्प आहे. येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या कपाटातील एक तरी जुनी वस्तू काढावी, मग ती काचेची असो, पितळेची असो, की लाकडाची. घरात जे सर्वांत वडील माणूस असेल त्याला तिची हकिगत विचारावी, आणि ती चार ओळींत लिहून, तारीख घालून, त्या वस्तूबरोबर ठेवावी. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही, कारण वस्तू थांबते, सांगणारा थांबत नाही.